निरपेक्ष उमेदवार पाहिजे

घराची किंमत ठरवणाऱ्या माणसाला त्या घराशी काही देणंघेणं नसावं, या तत्त्वाशी शहाण्या माणसाचं भांडण असू शकत नाही. चौरसरावांचंही नव्हतं. उलट मूल्यनिर्धारकांना लायसन लागणार ही बातमी आली, तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आता भुरटे लोक धंद्यातून जातील आणि आपल्यासारखे खरे राहतील, असं त्यांना वाटलं. ज्याला त्याला असंच वाटतं, म्हणून तर असे नियम बिनविरोध मंजूर होतात.

चौरसराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. बँकांसाठी लोकांची घरं मोजून त्यांची किंमत काढण्यात त्यांची उमर गेली होती, आणि त्यामुळे जगाकडे चौरस फुटांत बघायची खोड लागली होती. आजारी मामांना बघायला दवाखान्यात गेले, तर मामांची तब्येत विचारायच्या आधी त्यांनी खोलीचं क्षेत्रफळ सांगितलं आणि ते कागदावर दाखवलंय त्यापेक्षा कमी आहे, असंही सांगितलं. मामा त्या धक्क्यातून उशिरा सावरले. तेव्हापासून सगळे त्यांना चौरसराव म्हणू लागले. बायको 'अहो' म्हणायची, तेवढाच अपवाद.

लायसनसाठी सरकारने एक मंडळ नेमलं. नेमायला कारणही घडलं होतं. एका मूल्यनिर्धारकाने एका गल्लीतल्या सगळ्या घरांचे भाव चढवून लावले, आणि मग कळलं की शेवटचं घर त्याचंच होतं. झालं, मंडळ बसलं. आणि मंडळ एकदा बसलं की उठत नाही. मंडळाने परीक्षा ठेवली, प्रशिक्षण ठेवलं, चारित्र्याचा दाखला ठेवला, जिने चढण्याच्या क्षमतेचं वैद्यकीय प्रमाणपत्र ठेवलं. परीक्षेत पहिलाच प्रश्न होता, 'घर म्हणजे काय?' चौरसरावांनी जीव ओतून पानभर लिहिलं. त्यांना शून्य मिळालं, कारण बरोबर उत्तर 'कलम दोन पाहा' असं होतं. तरी बाकीच्या प्रश्नांवर ते काठावर सुटले. प्रशिक्षणही झालं. जिनेही चढून दाखवले. उरला फक्त निरपेक्षतेचा दाखला.

तो मिळेपर्यंत बँका त्यांची सही घेणार नव्हत्या. सही नाही म्हणजे काम नाही, आणि काम नाही म्हणजे चूल थंड. चौरसरावांना दुसरं काही येतही नव्हतं.

निरपेक्षता अधिकारी हा शांत, किरकोळ बांध्याचा गृहस्थ होता. त्याच्या टेबलावर काहीही नव्हतं. पेनसुद्धा तो काम झालं की शिपायाकडे परत द्यायचा, पेनाबद्दल माया वाटू लागू नये म्हणून.

"घर कुठे?" अधिकाऱ्याने विचारलं.

"तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, साहेब. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पूर्वेला बाल्कनी," चौरसरावांनी सांगितलं.

"बाल्कनी म्हणताना तुमचा चेहरा खुलला."

"खुलला असेल, साहेब. सकाळचं ऊन येतं."

अधिकाऱ्याने शिपायाकडून पेन मागवलं आणि लिहिलं, 'अर्जदारास बाल्कनीबद्दल ममत्व.' मग तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "ज्याचं स्वतःचं घर आहे, त्याला घरांचे भाव वाढावेत असं वाटतं. तुम्हाला वाटतं का?"

"वाटतं तसं. पण मी माझ्या भागातली घरं मोजतच नाही. नदीपलीकडची मोजतो."

"भाव नदी ओलांडतात," अधिकारी म्हणाला. "फ्लॅट काढून टाका, मग या."

"साहेब, आपण कुठे राहता?" चौरसरावांनी धीर करून विचारलं.

"शासकीय निवासस्थानात. ते या नियमांच्या कक्षेत येत नाही."

चौरसराव घरी आले. बायको सुकलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "मग माझ्या नावावर करा."

चौरसराव मनापासून हसले. "तुझ्या? अगं, तुझं नि माझं काही वेगळं आहे का? नवराबायको म्हणजे एकच."

"एकच ना? मग करा."

"कायद्यालाही ते कळतं, म्हणून तर चालणार नाही," चौरसराव म्हणाले, आणि आपण मुद्द्याचं बोललो या समाधानात त्यांनी थोरल्या भावाला फोन लावला. एका आईच्या पोटी जन्मलेला भाऊ कायद्याच्या दृष्टीने मात्र परका होता. दादांनी आधी खूप आढेवेढे घेतले. मग जड अंतःकरणाने फ्लॅट स्वतःच्या नावावर करून घेतला. "कागदोपत्री रे, आपलंच आहे सगळं," असं ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी कुलूप बदललं. घर रिकामं ठेवू नये म्हणून महिन्याभरात सहकुटुंब राहायलाही आले.

चौरसरावांनी एका इमारतीत मागची खोली भाड्याने घेतली. खोलीत एकाने पाय पसरले की दुसऱ्याने दुमडायचे, असा प्रकार होता. बायकोने दोरी बांधली, पडदा लावला, भांडी मांडली आणि दोन दिवसांत त्या कोंडवाड्याचं घर केलं. चौरसराव ताठ मानेने मंडळात गेले.

"आता माझं घर नाही, साहेब. भाड्याने राहतो."

"अरेरे," अधिकारी म्हणाला. "भाडेकरूला भाव पडावेत असं वाटतं. परवा घरमालकीण भाडं वाढवायचं म्हणाली, तेव्हा तुम्ही काय बोललात?"

चौरसरावांच्या मनात आलं, हे याला कसं कळलं? "भिंतीला ओल आहे म्हणालो."

"आहे?"

"हात लावला तर ओला होतो."

"म्हणजे खरं बोललात, पण स्वतःच्या फायद्यासाठी. मंडळाला अशा सत्याची फार भीती वाटते." त्याने पेन मागवलं.

चौरसराव आगीतून फुफाट्यात पडले होते. मालक चालत नाही, भाडेकरू चालत नाही. मग माणसाने राहायचं कसं? त्यांनी हे विचारलं, तेव्हा अधिकाऱ्याने हाताची बोटं एकमेकांत गुंतवून छताकडे बघितलं. मंडळ मार्गदर्शन करत नाही, पण एक शक्यता नियमात बसते, असं तो म्हणाला. स्वतःच्या मालकीचं नाही आणि भाडंही नाही, अशा घरात जो राहतो त्याला नियमांत 'आश्रित' म्हटलेलं आहे.

"म्हणजे घरजावई?" चौरसरावांच्या तोंडून निघालं.

"तो शब्द मंडळ वापरत नाही."

घरजावई व्हायचं! ज्या सासऱ्यांपुढे चौरसराव इतकी वर्षं पायावर पाय टाकून बसले, त्यांच्याच दारात बॅगा घेऊन उभं राहायचं. सासरे दारात आले, बॅगांकडे बघितलं आणि अतिशय प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "या. येणार, असं मी लग्नाच्या वेळीच म्हणालो होतो."

मंडळाला सासऱ्यांकडून लेखी हवं होतं की या घरात जावयाला आज ना उद्या कसलाही वाटा मिळणार नाही. असे कागद मिळवताना लोकांच्या चपला झिजतात. सासऱ्यांनी मात्र तो त्याच बैठकीत, सुंदर वळणदार अक्षरात लिहून दिला. मागितला नव्हता तो एक परिच्छेदही स्वतःहून जोडला. त्यात जावयाच्या स्वभावाचं वर्णन होतं. अधिकाऱ्याने तो दोनदा वाचला आणि चौरसरावांकडे प्रथमच आदराने बघितलं.

"उत्तम. एकच शंका राहते. ते तुम्हाला जेवू घालतात. उपकाराखाली दबलेला माणूस निरपेक्ष कसा? तिथे तुम्हाला मानाने वागवत नाहीत, याची मंडळाला प्रत्यक्ष खात्री करावी लागेल. मी जेवणाच्या वेळेला येईन. जेवणार नाही."

तपासणीच्या दिवसाची घरात तालीम झाली. सासऱ्यांना ती लागलीच नाही. मेहुणा वर्तमानपत्रामागून तुच्छतेने बघायला शिकला आणि त्यात रमला. प्रश्न सासूबाईंचा होता. त्यांचा जावयावर जीव. "मला नाही बाई येत असं," त्या डोळ्याला पदर लावून म्हणायच्या. शेवटी असं ठरलं की त्यांनी जावयाकडे बघायचंच नाही. बघितलं नाही तर माया कुठून दिसणार?

अधिकारी आला आणि भिंतीला खुर्ची लावून बसला. सगळे जेवायला बसले. चौरसरावांची बायको वाढत होती, आत-बाहेर करत होती. तिच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं, कारण तपासणी तिची नव्हती. सासऱ्यांनी "फुकटच्या अन्नाला चव असते म्हणतात" असा एक टोमणा मारला. अधिकाऱ्याने मान डोलावली. मेहुण्याने वर्तमानपत्रावरून नेमकं तसं बघितलं. सासूबाई भिंतीकडे तोंड करून घास गिळत होत्या. पाच-दहा मिनिटं अगदी दृष्ट लागावी इतका अपमान चालला होता.

आणि चौरसरावांना ठसका लागला. साधा ठसका, पण डोळ्यांत पाणी आलं, चेहरा लाल झाला. सासूबाईंना आवरलं नाही. त्या ताट ओलांडून धावल्या, पाण्याचा पेला त्यांच्या तोंडाला लावला आणि पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "सावकाश हो, जावईबापू, सावकाश. कोणी काढलीय आठवण एवढी?"

अधिकारी उठला. "अर्जदारास आपुलकी मिळते," तो खिन्नपणे म्हणाला. "वाईट वाटतं. फार जवळ आला होतात तुम्ही."

त्या रात्री सासूबाई जेवल्या नाहीत. चौरसरावांनी त्यांची समजूत काढली, आणि ती काढताना त्यांनाच रडू आलं. सासरे म्हणाले, "ठसकासुद्धा वेळेवर आवरत नाही या माणसाला." एरवी हे वाक्य दाखल्याला उपयोगी पडलं असतं.

आता उरलं काय? रस्त्यावर राहिलं तर अतिक्रमण, म्हणजे पुढेमागे हक्क सांगायचा डाव. मित्राकडे राहिलं तर मैत्री. चौरसराव ना घरचे ना घाटचे होऊन मंडळाच्या इमारतीत परत आले, तेव्हा त्यांना उलगडलं की व्हरांड्यातल्या बाकांवर बसलेले लोक तिथे नुसते बसत नाहीत, राहतात. सगळे मूल्यनिर्धारक, सगळे जुने जाणते. मंडळाची इमारत शासकीय, तिला बाजारभाव नाही; जिला भावच नाही, तिथे राहणाऱ्याला भावात रस कसा असणार? ही युक्ती कोणाच्या डोक्यातून निघाली कोण जाणे, पण तिच्यात खोट काढता येत नव्हती. अधिकाऱ्यालाही ती काढता आली नाही. काही काळ व्हरांड्यात राहून दाखवा, हितसंबंध निर्माण झाला नाही तर दाखला देऊ, असं त्याने कबूल केलं.

चौरसरावांनी बायकोला माहेरी ठेवलं आणि खिडकीजवळचं एक रिकामं बाक धरलं. ती डबा आणि धुतलेले कपडे घेऊन यायची, मळलेले घेऊन जायची.

सगळं सुरळीत झालं असतं. पण स्वभावाला औषध नाही. इतके मूल्यनिर्धारक एका व्हरांड्यात कोंडले, तर ते करणार काय? पंख्याखालचं बाक भिंतीकडच्या बाकापेक्षा चांगलं, हे आधी कोणीतरी सहज म्हणालं. मग किती चांगलं यावर चर्चा झाली. मोरीजवळच्या बाकाला पाणी जवळ म्हणून जास्त धरायचं, की वास जवळ म्हणून कमी, यावर दोन तट पडले आणि एकमेकांशी बोलेनासे झाले. एकाने आपलं बाक मध्ये दोरी बांधून दोघांना दिलं. दुसऱ्याने बाकावर बाक चढवून वरचा मजला काढला आणि तिथून दृश्य दिसतं असं सांगू लागला. दृश्य म्हणजे तक्रार विभागाची खिडकी होती, आणि ती कायम बंद असायची. बघता बघता एक दलालही उगवला. नव्या अर्जदारांना तो फाटकातच गाठायचा.

चौरसरावांनी स्वतःला खूप आवरलं. ते खिडकीबाहेर बघत बसायचे, कोणी भाव काढला की कानावर हात ठेवायचे. पण एकदा एक नवा अर्जदार वळकटी काखेत मारून समोर उभा राहिला आणि म्हणाला, "काका, खिडकीचं आहे, उजेड चांगला आहे. काय घ्याल याचं?"

आणि चौरसराव बोलून गेले. नुसता आकडा नाही सांगितला. दिशा, वारा, बाकाच्या लाकडाची झीज, शेजारी कोण आहे, सगळं धरून भाव सांगितला. इतक्या दिवसांनी तोंडातून भाव बाहेर पडल्यावर त्यांना हलकं वाटलं. मान वर केली तर समोर अधिकारी उभा होता.

"मंडळाच्या आवारात," अधिकारी हळूच म्हणाला, "बाजारभाव." त्याने जागीच अर्ज फेटाळला. कायमचा.

चौरसराव बाकावर बसले ते उठले नाहीत. घर गेलं, बायको माहेरी, सासऱ्यांच्या नजरेत होती नव्हती ती किंमत गेली, आणि ज्यासाठी हे सगळं केलं ते लायसनही गेलं. या वयात नवीन काय शिकणार? त्यांनी डोकं गुडघ्यांत घातलं. तेवढ्यात बायको डबा घेऊन आली.

अर्ज कायमचा फेटाळताना अर्जदाराच्या बाजूचा एक साक्षीदार लागतो. अधिकाऱ्याने तिला बोलावलं. साक्षीदाराचाही हितसंबंध तपासावा लागतो, म्हणून त्याने नेहमीचे प्रश्न सुरू केले.

"आपल्या मालकीचं घर?"

"नाही," ती म्हणाली.

"पतीच्या घरात नाव?"

"यांच्या एकट्याच्या नावावर होतं. आता मोठ्या भाऊजींच्या नावावर आहे."

"वडिलांच्या घरात वाटा?"

"तो भावाला लिहून दिलाय. सगळ्याच बहिणी देतात म्हणाले. सहीला बोलावलं, सही केली."

अधिकाऱ्याने पेन मागवलं. "भाडेकरू म्हणून करारावर सही?"

"यांची."

"मग आपण राहता कुठे?"

"हे नेतील तिथे. आधी फ्लॅट, मग खोली, आता माहेरी."

"माहेरी आश्रित म्हणून?"

"वहिनीच्या स्वयंपाकघरात," ती म्हणाली. "आश्रित म्हणाल तर म्हणा. काम दोघींचं मी एकटी करते."

"त्याचा मोबदला?"

ती चेष्टा समजून हसली.

अधिकारी पुढे झुकला. "आता नीट विचार करून सांगा. घरांचे भाव उद्या वाढले, तर आपल्याला काय वाटेल?"

"मला काय वाटायचंय?"

"आणि पडले तर?"

"भाव चढला काय नि पडला काय, फरशी मलाच पुसायची आहे."

अधिकारी खुर्चीतून उठला. या मंडळात तो कोणासाठी उठल्याचं कोणाला आठवत नव्हतं. त्याने तिला खुर्ची दिली, शिपायाला पाणी आणायला पिटाळलं आणि म्हणाला, "बाई, नियम लिहिताना मंडळाच्या डोळ्यांपुढे एक आदर्श व्यक्ती होती. ती घरात राहते, पण घर तिचं नाही. घर राखते, पण वाटा मागत नाही. तिला कोणी विचारत नाही. अशी व्यक्ती अस्तित्वात नसावी, असं आम्ही धरून चाललो होतो."

"परीक्षेचं काय?" चौरसरावांनी विचारलं.

"परीक्षा नंतर देतील. अभ्यास कधीही करता येतो, निरपेक्षता कशी आणणार? ती अंगात मुरावी लागते." अधिकारी त्यांच्याकडे वळला. "काखेत कळसा नि गावाला वळसा, असं झालं तुमचं."

"पण साहेब, तो फ्लॅट मी हिच्या नावावर केला असता, तर माझा अर्ज चालला असता का?"

"सांगता येत नाही. आजवर एकाही अर्जदाराने हा प्रश्न विचारलेला नाही. त्यामुळे त्यावर नियमच नाही."

अशा रीतीने शहरातलं पहिलं लायसन चौरसरावांच्या बायकोला मिळालं. तिच्या सहीशिवाय एकाही बँकेचं कर्ज हलेना. कामांची रीघ लागली. चौरसराव टेपचं दुसरं टोक धरायला तिच्यासोबत जाऊ लागले. टोक धरायला लायसन लागत नव्हतं. शिकवायचंही काम त्यांच्याकडेच होतं. परीक्षेला ती बसली, तेव्हा पहिल्या प्रश्नाला तिने 'कलम दोन पाहा' असं लिहिलं आणि पूर्ण गुण घेतले. जास्त लिहायला वेळ नव्हता, असं ती म्हणाली.

पहिल्या कामांपैकी एक दादांचं निघालं. दादांना फ्लॅटवर कर्ज हवं होतं. आजवर अगं-तुगं करणारे दादा अहो-जाहोवर आले. "या, बसा, सोफ्यावर बसा," असं म्हणत त्यांनी सोफा स्वतः झटकला. जाऊबाईंनी काचेच्या पेल्यात पाणी आणलं.

"बसायला नाही आले," ती म्हणाली आणि खोल्या मोजू लागली.

"अहो, एवढं काय मोजायचं? घर तुमचंच आहे," दादा लाडाने म्हणाले.

ती थांबली. "लिहून देता?"

"नाही नाही नाही," दादा म्हणाले. "बोलायची एक पद्धत असते."

चौरसराव टेप गुंडाळता गुंडाळता तिच्या कानाशी लागले. "जरा कमी लाव. याने दुसऱ्या दिवशी कुलूप बदललं होतं."

"मला काय त्याचं?" ती म्हणाली, आणि जो निघत होता तोच भाव लावला. चौरसराव जिना उतरेपर्यंत धुसफुसत होते. पण अशी निरपेक्षता आपल्याला सात जन्मांत जमली नसती, हे त्यांना कबूल करावं लागलं.

अडचण पुढे आली. कामाचे पैसे तिच्या हातात येत होते. सुरुवातीला ते कोणाच्या लक्षात आलं नाही, तिच्याही नाही. मग एका इमारतीत मोजायला गेली असताना एक छोटा फ्लॅट तिला आवडला. तिने विचारलं, ठरवलं आणि घेतला. स्वतःच्या नावावर. चौरसरावांना कागद बघितल्यावर कळलं.

दुसऱ्याच आठवड्यात मंडळाने लायसन परत मागवलं. तिने ते पिशवीतून काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"अगं, एवढं लायसन घालवलंस!" चौरसराव कळवळले. "माझं निम्मं आयुष्य गेलं त्याच्यामागे."

"लायसन तुम्हाला हवं होतं," ती म्हणाली. "मला घर हवं होतं."

चौरसरावांनी हार मानली नाही. मालकी नाही, भाडं नाही, वाटा नाही. आता आपण नियमात बसतो, हे लक्षात येताच त्यांनी नवा अर्ज केला. अधिकाऱ्याने विचारलं, "त्या घरात पुढेमागे वाटा मिळण्याची अपेक्षा?" चौरसरावांनी बायकोकडे बघितलं. "बघू," ती म्हणाली. अर्ज अजून तिथेच अडकला आहे.

मंडळाला मात्र चिंता नाही. व्हरांड्यातले सगळे अर्जदार त्याच आठवड्यात बाकं टाकून घरी पळाले आणि आपापल्या बायकांना घेऊन आले. एकही अपात्र ठरली नाही. त्यांनीही चौरसरावांच्या बायकोसारखा घोळ घालू नये, म्हणून मंडळाने तातडीने नियमात सुधारणा केली: लायसनधारक महिलांची निरपेक्षता अबाधित राहावी यासाठी त्यांच्या कामाचे पैसे यापुढे पतीच्या खात्यात जमा होतील. ही सुधारणा चर्चेविना मंजूर झाली. अर्जदारांनी टाळ्या वाजवल्या.

तरीही कामं वाढतच आहेत आणि लायसनधारक कमी पडतात, म्हणून मंडळाची माणसं आता घरोघर उमेदवार शोधत फिरतात. त्यांना फार विचारपूस करावी लागत नाही. दारावरची पाटी वाचतात, बेल वाजवतात, आणि पाटीवर ज्या व्यक्तीचं नाव नाही ती दार उघडायला आली की यादीत खूण करून पुढे जातात. तुमच्याकडे ते येऊन गेले असतील, पण तुम्ही आत वाचत बसला होतात. दार उघडायला कोण गेलं होतं, तिला विचारा.